काठोकाठ प्याला

१

बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या बाईचं पहिल्या दिवशी कसं स्वागत व्हावं? कोणी बाळाचा फोटो मागावा, कोणी हातावर मिठाई ठेवावी. दिलोरोमच्या टेबलावर मात्र एक पत्र वाट पाहत होतं. ते वाचता वाचता ती खुर्चीत बसली. अजून पाठसुद्धा धड सरळ झाली नव्हती बिचारीची.

ताश्कंदच्या चिलोन्झोर भागात, सामशाच्या, म्हणजे तिथल्या भाजलेल्या समोशांच्या, भट्टीच्या वरच्या मजल्यावर ‘कोरगोन’ नावाची छोटी कंपनी होती. काम एकच, पण जोखमीचं: वेबसाइटना ओळखीचा दाखला द्यायचा. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा समोर खरोखर बँकच आहे, बँकेचं सोंग घेतलेला कोणी भामटा नाही, हे ब्राउझरला कोरगोनच्या प्रमाणपत्रावरून कळायचं. जगभरातले ब्राउझर कोरगोनच्या शिक्क्यावर विश्वास ठेवत. त्या विश्वासावर कितीतरी बँका, दवाखाने आणि तिकीटखिडक्या बिनघोर चालत होत्या.

पत्र परदेशातून आलं होतं, ब्राउझर बनवणाऱ्यांकडून. भाषा गोड, मजकूर कडू.

‘काबुतार या ऑनलाइन टपालसेवेच्या नावाने तुमच्या शिक्क्याचं एक प्रमाणपत्र निघालेलं आम्हाला सार्वजनिक नोंदीत दिसलं. त्या सेवेने ते मागितलेलंच नाही. आम्ही ते बाद केलं आहे. ते कोणी काढलं, कसं, कोणाच्या सांगण्यावरून, हे सोमवारपर्यंत खरं खरं कळवावं. तुमच्या देशाचा कायदा आड येत असेल, तर तेही लिहावं. उत्तर आलं नाही किंवा खोटं निघालं, तर तुमचा शिक्का सगळ्या ब्राउझरांतून काढून टाकावा लागेल.’

याचा अर्थ दिलोरोमला कोणी समजावून सांगायला नको होता. असलं खोटं प्रमाणपत्र ज्याच्या हातात असेल, तो वाटेत उभा राहून काबुतारची सगळी पत्रं फोडू शकतो, वाचू शकतो, पुन्हा चिकटवून पुढे पाठवू शकतो. पाठवणाऱ्याला पत्ता नाही, घेणाऱ्यालाही नाही. तिचा नवरा कोरियात जहाजाच्या कारखान्यात होता. लेकीचं पहिलं हसू, उसवलेले टाके, सासूची कटकट, सगळं तिने त्याला काबुतारवरूनच लिहिलं होतं. ते आता कोणा परक्या पुरुषाने वाचलेलं असू शकत होतं.

आणि उत्तरावर सही तिचीच लागणार होती. परदेशी पत्रांना उत्तरं देणं हे तिचं कामच होतं.

खरं काय ते शोधायचं, तर सहीच्या खोलीतल्या यंत्राला विचारायला हवं होतं. त्या खोलीत एकट्याने काही होत नसे. दोन माणसं, दोन कार्डं, दोघांचे वेगळे पिन, तेव्हा कुठे यंत्र शिक्का उठवी. कंपनीत असे कार्डधारक दोनच होते. एक तुर्गुन-आका, म्हणजे तुर्गुनदादा, ज्यांच्या हाताखाली ती हे काम शिकली. दुसरी ती.

तिने प्रमाणपत्राची तारीख टाकली. त्या तारखेला ती चिल्ल्यात होती. बाळंतिणीचे ते चाळीस दिवस: उंबरा ओलांडायचा नाही, परक्याचं तोंड पाहायचं नाही. पडद्यावर दोन नावं आली. पहिलं तुर्गुन-आकांचं होतं आणि दुसरं तिचं.

२

“बसा, दिलोरोमखोन,” संचालक आब्रोर नोसिरोविच म्हणाले. “बाळ बरंय ना? कोणावर गेलंय?”

“सासूबाई म्हणतात त्यांच्यावर. आब्रोर नोसिरोविच, हे पत्र...”

“वाचलंय मी.” त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. “साधी गोष्ट आहे. तुर्गुनने माती खाल्ली. तीन दिवस झाले, त्याचा पत्ता नाही. पैसे घेतले नि पळाला.”

“तुर्गुन-आका?”

“साठीला आलेला माणूसही घसरतो.”

तेवढ्यात मिर्झोहिद चहाची किटली घेऊन आत आला. हा कंपनीचा वकील, वयाने सगळ्यांत लहान. त्याने तिघांचे प्याले मांडले, दोन घोट पुरेल एवढाच चहा ओतला आणि उजवा हात छातीवर ठेवून एकेक पुढे केला.

“सनद आहे माझ्याकडे वकिलीची,” तो कुरकुरला, “पण या ऑफिसात नशिबी किटलीच. माझ्याहून लहान कोणाला तरी घ्या हो नोकरीला! आणि खडीसाखर पुन्हा संपलीय. चोर अजून मोकळाच हिंडतोय.”

एरवी दिलोरोम हसली असती. चहाच्या कोपऱ्यातली खडीसाखर नाहीशी होणं हा ऑफिसातला जुना विनोद होता.

“मिर्झोहिद, कायदा सांग यांना,” संचालक म्हणाले.

मिर्झोहिदचा चेहरा उतरला. “ओपा,” तो दिलोरोमला ताई म्हणून अशीच हाक मारी, “समजा हे वरच्यांनी करायला लावलं असेल, तर ते बाहेर सांगणं गुन्हा आहे. तुरुंग. नाही सांगितलं, तर ब्राउझरवाले आपला शिक्का काढणार. त्यांचा नियम सगळ्या जगाला एकच. इकडे आड, तिकडे विहीर, असं झालंय.”

‘वरचे’ म्हणजे कोणतं खातं, हे त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. त्या खात्याचं नाव घ्यायची रीत नव्हती.

“पण माझं कार्ड? ते तर मी रजेवर जाताना तिजोरीत ठेवलं होतं, तुम्हा सगळ्यांसमोर.”

“तिजोरीच्या किल्ल्या दोन,” संचालक म्हणाले. “एक माझ्याकडे, एक याच्याकडे. त्या दिवशी मी समरकंदला होतो, मेव्हण्याच्या घरी.”

“आणि नान आणला नाहीत,” मिर्झोहिदच्या तोंडून निघून गेलं. “समरकंदहून रिकाम्या हाताने आलेला पहिला माणूस पाहिला मी.”

“घाईत होतो!” संचालक खेकसले. मग आवाज खाली आणून ते दिलोरोमकडे वळले. “तुम्ही लिहा, जुन्या कर्मचाऱ्याची चूक, त्याला काढून टाकलं. संपलं. नाहीतर यंत्रात दुसरं नाव तुमचं आहे. मूल तान्हं आहे, नवरा परदेशात. विचार करा.”

ती बाहेर आली. तिने मिर्झोहिदला तिजोरी उघडायला लावली, आपलं कार्ड घेतलं आणि सहीच्या खोलीत जाऊन यंत्रात सरकवलं. पिन तिच्या बोटांना पाठ होता. यंत्राने तो नाकारला. तिने पुन्हा सावकाश दाबला, आणि पुन्हा नकार आला.

कोणीतरी तिच्या कार्डाला नवा पिन दिला होता. तो फक्त मुख्य कार्डाने देता येई. आणि मुख्य कार्ड त्याच तिजोरीत, संचालकांच्या कप्प्यात असे.

“ओपा, माझ्याकडे असं बघू नका,” मिर्झोहिद मागे सरकत म्हणाला. “किल्ली माझ्याकडे होती, मान्य. पण मी नाही.”

भ्यालेला माणूस खरं बोलतोय की खोटं, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. दिलोरोम स्वतःच इतकी भ्यालेली होती, की तिला तो चेहरा नीट दिसतही नव्हता.

३

जुन्या शहरात तुर्गुन-आकांच्या अंगणातलं खुर्म्याचं झाड टोमॅटोएवढ्या केशरी फळांनी वाकलं होतं. कोणी तोडली नव्हती. त्यांच्या बायकोने, मुअत्तर-ओपांनी, फाटक जेमतेम एका माणसापुरतं उघडलं, आधी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं आणि मगच तिला आत घेतलं.

“कुठे गेलेत, ओपा?”

“मला काय ठाऊक! त्या दिवशी सकाळी बाजारात जातो म्हणाले, आलेच नाहीत. उचलून नेलं असेल कोणी.” त्यांनी डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपले. डोळे कोरडेच होते.

“पोलिसांत सांगितलंत?”

“तू चहा घे.”

त्यांनी किटली उचलली आणि प्याला भरला. भरतच राहिल्या. चहा काठाला टेकला, तेव्हा कुठे हात थांबला.

दिलोरोमच्या काळजात कळ आली. या घरात ती लेकीसारखी वावरली होती. इथे तिला नेहमी तळाशी घोटभर चहा मिळायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता यावा, म्हणजे बसणं लांबावं. काठोकाठ भरलेला प्याला घरच्या माणसाला कोणी देत नाही. तो नको असलेल्या पाहुण्याला देतात: हा घ्या आणि निघा. तिची सासू तो फक्त एका चहाटळ शेजारणीसाठी राखून ठेवी.

ती मुकाट्याने उठली. आणि उठताना तिची नजर स्वयंपाकघराच्या दारावर गेली. तिथे खिळ्याला दोरीने एक नान टांगला होता. कडेला एक घास तोडलेला. दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

ते पाहून ती जागच्या जागी थांबली. दूर जाणारा माणूस निघताना नानाचा एक घास घेतो. उरलेला घरचे जपून ठेवतात, तो परत येऊन खाईल म्हणून. उचलून नेलेल्या माणसाला घास घ्यायला कोण वेळ देतं? म्हणजे तुर्गुन-आका आपण होऊन गेले होते. बायकोच्या देखत, रीतसर.

म्हणजे संचालक खरं बोलत होते की काय? ज्यांनी तिला शिक्क्याची किंमत शिकवली, त्यांनीच तो विकला? तिला रडू फुटेल असं वाटलं.

मुअत्तर-ओपांनी तिची नजर पाहिली. फाटकाशी येऊन त्यांनी तिचा दंड घट्ट धरला.

“तू इथे जास्त वेळ दिसू नयेस, म्हणून प्याला भरला, पोरी. मनाला लावून घेऊ नकोस. समोरच्या दुकानात दोन दिवस एक नवाच माणूस बसतोय.” मग त्या कानाशी लागल्या. “जाताना म्हणाले, दिलोरोम आली तर एवढंच सांग, खडीसाखरेचा चोर सापडला. डोकं फिरलं का तुमचं, म्हटलं मी. म्हणाले, तिला कळेल.”

४

तिला कळलं. बसमध्ये बसल्या बसल्या तिला तो दिवस आठवला.

रजेवर जायच्या आदल्या दिवशी तुर्गुन-आकांनी तिला चहाच्या कोपऱ्यात बोलावलं होतं आणि कपबशांच्या फळीवर बसवलेला पेरूच्या बीएवढा कॅमेरा दाखवला होता. खडीसाखरचोर पकडायला! “कोणाला बोलू नकोस,” म्हणाले होते, “अगदी साहेबांनाही. मला त्यांचाच संशय आहे.” दोघं पोट धरून हसली होती.

सहीच्या खोलीतल्या मोठ्या कॅमेऱ्याचं त्या दिवसाचं चित्रण कोणीतरी पुसून टाकलं होतं. ते तिने सकाळीच तपासलं होतं. पण फळीवरचा तो कॅमेरा कोणाला ठाऊकच नव्हता.

संचालक जेवायला बाहेर पडले तेव्हा तिने फळीवरचा कॅमेरा काढला आणि मिर्झोहिदला हाक मारली. त्या दिवसाचं चित्रण एकटीने पाहायची तिला भीती वाटत होती, आणि त्याच्यासोबत पाहायचीही. पण तो पाहत असताना त्याच्याकडे पाहता येणार होतं.

चित्राला आवाज नव्हता. बुटकं टेबल, किटली, प्याले. एक धिप्पाड माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून बसला होता. समोर तुर्गुन-आका. तिसऱ्याचा चेहरा चौकटीबाहेर, नुसता कोटाच्या बाहीतला हात दिसत होता. तुर्गुन-आकांनी किटली उचलली. बाहीवाल्याच्या प्याल्यात घोटभर चहा ओतला. मग धिप्पाड माणसाचा प्याला घेतला, आणि सावकाश, अगदी सावकाश काठोकाठ भरला. भरून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि फळीकडे, थेट कॅमेऱ्यात पाहिलं. तो माणूस प्याला उचलून घटाघटा पिऊन मोकळा झाला. त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं.

दिलोरोमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “पाहिलंस? याला ते म्हणतायत, चालता हो. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याला कोणी असा चहा देतं का?”

“पण तो तिसरा?” मिर्झोहिदने बाहीवर बोट ठेवलं. “ओपा, लोक म्हणतील तो मीच. किल्ली माझ्याकडे, बाही कोणाचीही असू शकते...”

“तू नव्हतास.”

“तुम्हाला काय माहीत?”

“किटली कोणाच्या हातात आहे, बघ ना!” ती पहिल्यांदाच किंचित हसली. “तू नोकरीला लागल्यापासून तुर्गुन-आकांनी किटलीला हात लावलाय कधी? तू तिथे बसला असतास, तर ते साठीच्या वयात चहा ओततायत आणि तू हात पुढे करतोयस, असं झालं असतं का? तुझ्या आईने घरात घेतलं नसतं तुला.”

मिर्झोहिद मटकन खुर्चीत बसला.

“कार्डं नि किल्ल्या आपल्या चौघांकडेच. मी चिल्ल्यात. तू नव्हतास. तुर्गुन-आका दिसतायत. राहिलं कोण? ज्याने किटली उचलायची नसते, असा ऑफिसात एकच आहे.”

“ते तर समरकंदला...” तो बोलता बोलता थांबला. त्याचे डोळे विस्फारले. “नान!”

“नान. घाई कितीही असो, स्टेशनाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. समरकंदहून कोणी रिकाम्या हाताने येत नाही. ते गेलेच नव्हते.”

मिर्झोहिदने कपाळावर हात मारला. मग त्याला दुसरी शंका आली, आणि ती बरोबर होती. “पण एक कळत नाही. तुर्गुन-आकांकडून जबरदस्तीने करवून घेतलं, ठीक. मग त्यांनी ते सार्वजनिक नोंदीत का घातलं? सगळ्या जगाला दिसेल असं? चोरी करायची आणि वर दवंडी पिटायची?”

“कारण नोंद नसलेलं प्रमाणपत्र ब्राउझर घेतच नाही. या पाठमोऱ्याला ते चालायला हवं होतं. नोंद केली की कोणीतरी ते पाहणार, हे त्याला ठाऊक नव्हतं, साहेबांनाही नव्हतं. तुर्गुन-आकांना होतं. कायद्याने त्यांचं तोंड बांधलं होतं ना? त्यांनी तोंड उघडलंच नाही. नुसतं एक बटण दाबलं, जे दाबायलाच हवं होतं.” तिने डोळे पुसले. “आणि बोभाटा होईपर्यंत थांबून, नानाचा घास घेऊन निघून गेले.”

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. संचालक लवकर परतले होते. ते एकटे नव्हते.

५

दुसरी पावलं सामसा घेऊन आलेल्या भट्टीवाल्याची निघाली. पण तेवढ्या दोन क्षणांत मिर्झोहिदने कॅमेरा मोज्यात लपवला होता, आणि दिलोरोमला वाटलं होतं की आपण आता लेकीला पुन्हा पाहत नाही.

सोमवारी ती संचालकांच्या खोलीत गेली. मिर्झोहिद मागे होता. त्याने येऊ नये असं ती म्हणाली होती. तो म्हणाला होता, माझ्याहून लहान कोणी नाही ऑफिसात, चहा कोण ओतणार?

“लिहिलंत उत्तर?”

“लिहिलं. पाठवायच्या आधी तुम्हाला सांगायला आले. तुम्ही समरकंदला गेला नव्हतात, आब्रोर नोसिरोविच. माझ्या कार्डाचा पिन तुम्ही बदललात, आणि सहीच्या खोलीत माझ्या जागी तुम्ही बसलात.”

त्यांनी आरडाओरडा केला असता, तर तिला सोपं गेलं असतं. पण ते नुसते पाहत राहिले.

“यंत्रात नाव तुमचं आहे,” शेवटी ते म्हणाले. “तुम्ही गुपचूप येऊन गेलात. नव्हतात म्हणून कोण सांगेल? सासू? ती घरचीच.”

“चिल्ल्यातली बाई रस्त्यावर दिसली असती, तर आमच्या महल्ल्याने वर्षभर दुसरा विषय काढला नसता! नळावर विचारा, मशिदीपाशी विचारा, त्या चहाटळ शेजारणीला विचारा. अख्खा महल्ला साक्ष देईल. कार्ड म्हणून तुम्ही माझंच घेतलंत, मी इथे नाही, बोलणार नाही म्हणून. पण मी कुठे होते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.”

मिर्झोहिदने कॅमेऱ्यातलं चित्र टेबलावर ठेवलं. काठोकाठ प्याला, आणि कोटाची बाही. तोच कोट आत्ता संचालकांच्या खुर्चीवर लटकत होता.

त्यांनी चित्र पाहिलं आणि त्यांचे खांदे एकदम खचले. “मला काय हौस होती?” ते कुजबुजले. “तो माणूस आला. मुलाचं नाव घेतलं माझ्या, कॉलेजचं नाव घेतलं, कुठल्या बाकावर बसतो तेसुद्धा सांगितलं. काय करणार होतो मी? तुम्ही काय केलं असतंत, दिलोरोमखोन?”

तिला राग यायला हवा होता. आला तो कळवळा, आणि त्याच्या मागोमाग भीती, कारण तिला उत्तर ठाऊक नव्हतं. तिच्याही घरात पाळणा हलत होता.

“मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “पण तुम्ही मला पुढे करत होतात.”

“कायदा आहे! वरच्यांचा आदेश बाहेर फोडला तर...”

“आदेश दाखवा,” मिर्झोहिद म्हणाला. आवाज चिरकला, तरी तो थांबला नाही. “मी काल पुन्हा वाचलं. कायद्यात लेखी आदेश म्हटलंय. सही, शिक्का, तारीख. त्या माणसाने कागद दिला का?”

संचालक चष्मा काढून पुसू लागले.

“नाही ना? मग आदेश नाही, आदेश नाही तर गुपितही नाही. एक माणूस आला आणि धमकी देऊन गेला, एवढंच घडलं. हे सांगायला कायद्याची आडकाठी नाही. आणि कायदा आड आला असता, तर ते लिहायची सोय ब्राउझरवाल्यांच्या नियमातच होती. तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं असतंत तर ही वेळ आली नसती.”

“पोरा,” संचालक दमलेल्या आवाजात म्हणाले, “कायदा पुस्तकात असतो. गाडी दारात येते.”

खालून सामशाचा वास येत होता.

मग संचालकांनी स्वतःच किटली ओढली. मिर्झोहिद पुढे झाला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. त्यांनी दिलोरोमचा प्याला घेतला आणि भरू लागले. चहा काठावरून सांडून टेबलावर पसरला, तेव्हा कुठे थांबले.

“घ्या,” ते म्हणाले, “आणि जा.”

तिने तो प्याला उचलला, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला, उपडा ठेवला आणि आपल्या टेबलाशी येऊन उत्तर पाठवून दिलं. सगळं त्यात होतं: तुर्गुन-आका, बाही, पिन, कागद नसलेला आदेश. खाली तिचं पूर्ण नाव.

६

परदेशातून उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. लेकीला, ओयदिनला, पाजता पाजता तिने फोनवर वाचलं. ‘पोचलं. असं सरळ उत्तर क्वचित मिळतं. शिक्क्याचं काय करायचं ते सगळे मिळून ठरवू. आजच काढत नाही.’ आणि खाली, वेगळ्या ओळीत: ‘तुम्ही सुखरूप आहात ना?’

या प्रश्नाचं काय उत्तर लिहावं, हे तिला सुचेना. कारण खिडकीतून तिला फाटक दिसत होतं. फाटकाबाहेर एक पांढरी गाडी उभी होती, आणि दोन माणसं उतरून पत्ता विचारत होती. पत्ता त्या चहाटळ शेजारणीला विचारत होती, आणि ती नेहमीची बडबडी बाई आज मान हलवत होती. नाही, इथे अशी कोणी राहत नाही.

सासू आत आली. गेले दोन महिने तिने सुनेला धारेवर धरलं होतं: नोकरी सोड, मूल सांभाळ, असल्या कामात बाईने पडू नये. आता तिने नुसतं ओयदिनला उचलून खांद्यावर टाकलं.

“दूध काढून ठेवलंय, ओयीजान,” दिलोरोम म्हणाली. सासूला ती अशीच ‘आई’ म्हणून हाक मारी. “दुपारपर्यंत पुरेल. नुसते चार प्रश्न विचारतील. मिर्झोहिदला कळवलंय, तो तिथेच येतोय, कागदपत्रं घेऊन. मी येईनच.”

“येशीलच.”

“रडली तर पाठीवर थोपटा. पोटावर नको, तिला आवडत नाही.”

“तीन पोरं वाढवलीत मी, सूनबाई. शिकवू नकोस.”

फाटकावर थाप पडली. तिला पळून जावंसं वाटलं, लेकीला घेऊन, मागच्या भिंतीवरून, कुठेही. तिने रुमाल डोक्याला बांधायला घेतला, तर गाठ बसेना.

सासूने एका हाताने दस्तरखानाचं कापड उघडलं आणि सकाळचा ताजा नान काढून तिच्यापुढे धरला.

चार प्रश्नांसाठी कोणी नानाचा घास घेत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

तिने कडेचा बारीकसा तुकडा दातांत धरला.

“एवढासा नको,” सासू म्हणाली. ती नेहमीसारखी दरडावूनच बोलली. “मोठा घास घे. दात उमटलेले दिसू देत मला.”

दिलोरोमने मोठा घास घेतला. सासूने उरलेला नान दोरीत अडकवला आणि स्वयंपाकघराच्या दारावर, लसणाच्या माळेशेजारी, खिळ्याला टांगला. मांजर पोचणार नाही इतका उंच. मग तिने ओयदिनचा इवलासा हात धरून नानाला लावला आणि फाटक उघडायला निघाली.

गाडीत बसेपर्यंत दिलोरोमला घास गिळता आला नाही. तो तोंडात तसाच होता, भट्टीतला ऊबदार, आणि ती तो सावकाश चावत राहिली.